संकल्पसिद्धी : मोजावे काय, तोलावे काय?



देवापुढे हात जोडून उभा राहिलेला प्रत्येक जण मनात काही ना काही संकल्प करीत असतो. कुणी पहाटे उठण्याचा, कुणी व्यसन सोडण्याचा, कुणी मुलांच्या अभ्यासासाठी वेळ देण्याचा, तर कुणी अर्धवट राहिलेले पारायण पुन्हा सुरू करण्याचा. ती घटका खरी असते, संकल्पही खरा असतो. परंतु पाली-महडचे दर्शन आटोपून पनवेलमार्गे घरी परतल्यावर आठ-पंधरा दिवसांत जुनाच दिनक्रम पुन्हा सुरू होतो आणि संकल्प मागे पडतो. असे का व्हावे? निश्चयात बळ कमी पडले, असे उत्तर सहसा दिले जाते. या उत्तराने मनुष्य स्वतःला दोष देतो, पण पुढे काय करावे हे त्याला कळत नाही. म्हणून या प्रश्नाचा थोडा निराळा विचार येथे करावयाचा आहे.

लाख दाण्यांचा नेम

आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पनवेलच्या दक्षिणेस असलेल्या पेण तालुक्यातील गागोदे या गावी झाला. तेव्हाचा कुलाबा जिल्हा म्हणजेच आजचा रायगड. त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांची एक आठवण विनोबा सांगत असत. देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा नेम त्या माउलीने केला होता. रोज एकेक दाणा मोजून ती वाही. विनोबांचे वडील शास्त्रीय वृत्तीचे. त्यांनी सुचविले, की एक तोळा तांदूळ घेऊन त्यातील दाणे मोजावेत, लाखाला किती तोळे लागतील याचा हिशेब करावा आणि कमी पडू नयेत म्हणून अर्धा तोळा अधिक घालावा. माउलीला यावर उत्तर सुचेना. तिने ते मुलाला विचारले. विनोबा म्हणाले, की हा विषय गणिताचा नाही. प्रत्येक दाण्याबरोबर मन ईश्वराच्या स्मरणात राहते. तेव्हा एकेक दाणाच मोजावा.

वडिलांचा हिशेब चुकीचा नव्हता. त्यांच्या रीतीने तांदळाची रास एका दिवसात पूर्ण झाली असती आणि वेळही वाचला असता. तथापि जे साधावयाचे होते ते राशीत नव्हतेच. ते मोजणाऱ्या हातात आणि मनात घडत होते. लाखावा दाणा वाहिला जाईल तेव्हा तांदूळ जितके पूर्ण होतील, त्याहून अधिक काही वाहणारीच्या ठायी पूर्ण झालेले असेल.

आपले संकल्प कोठे मोडतात, हे या आठवणीतून दिसते. आपली दृष्टी राशीवर असते. दहा किलो वजन उतरावे, परीक्षेत अमुक गुण मिळावेत, अमुक ग्रंथ वाचून व्हावा. या राशीपुढे आजचा एक दाणा क्षुल्लक वाटतो. एक दिवस न चालल्याने काय बिघडते, असे मन विचारते, आणि त्या एका दिवसापुरते ते खरेही असते. म्हणूनच ते फसवे असते. ज्याला आजच्या दाण्यातच पूजा दिसते, त्याला हा प्रश्न पडत नाही.

गणित कोठे लागते

मग वेळेचा हिशेब ठेवूच नये काय? तसेही नाही. याच विनोबांनी १९१७ मध्ये प्रकृती व अध्ययन यांसाठी गांधीजींकडे एक वर्षाची रजा मागितली. वाईला राहून त्यांनी उपनिषदे, ब्रह्मसूत्रे, पातंजल योगसूत्रे यांचा अभ्यास केला, विद्यार्थ्यांना गीता शिकविली, वाचनालयाच्या मदतीसाठी सहकाऱ्यांसह धान्य दळले, पायी सुमारे चारशे मैल प्रवास केला, आणि वर्ष संपताच ठरल्या दिवशी ते आश्रमात परतले. गांधीजींना त्यात सत्यनिष्ठा दिसली. विनोबांनी मात्र ही आपली गणितनिष्ठा असल्याचे सांगितले. त्यावर गणित सत्याला कधी सोडत नाही, अशा आशयाचे उत्तर गांधीजींनी दिले.

दाणे तोलू नयेत म्हणणारा हाच मनुष्य दिवस मात्र काटेकोर मोजतो, यात विसंगती नाही. शब्द पाळण्यासाठी गणित हवे. दुसऱ्याचा वेळ वाया जाऊ नये म्हणून घड्याळ हवे. जे काम उरकले की झाले, ते अवश्य तोलून, हिशेबाने, लवकर उरकावे. बँकेचे काम, बाजारहाट, प्रवासाची आखणी ही सारी तोलण्याची कामे. परंतु आईवडिलांपाशी बसणे, लेकराची वाचलेली ओळ ऐकणे, जप, व्यायाम, विद्याभ्यास ही मोजण्याची कामे आहेत. ती उरकता येत नाहीत, करावीच लागतात. पहिल्या प्रकारची कामे त्वरेने करून जो वेळ वाचेल, तो दुसऱ्या प्रकारच्या कामांना द्यावा. वेळ वाचविण्याला अर्थ येतो तो येथेच. आजकाल होते ते उलट. आईशी बोलणे उरकले जाते आणि वाचलेली घटका मोबाईलवर निघून जाते.

पनवेलहून रोज लोकलने मुंबईस नोकरीसाठी जाणाऱ्यांना वेळेची टंचाई वेगळी सांगावयास नको. त्यांचे जाण्यायेण्याचे तास ठरलेलेच असतात. पण याच गाडीत कुणी पोथी वाचतो, कुणी भजनी मंडळात टाळ धरतो. तास तेवढेच, परंतु त्यातील एक दाणा वेचून वाहिलेला.

खंड पडला तर

नेम कसा दृढ होतो, याविषयी पतंजलींनी तीन लक्षणे सांगितली आहेत : अभ्यास दीर्घकाळ असावा, अखंड असावा आणि आदराने केलेला असावा. गीतेच्या सहाव्या अध्यायातही मनाच्या चंचलतेवर अभ्यास व वैराग्य हेच उपाय सांगितले आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास करून २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सवय अंगवळणी पडण्यास साधारण ६६ दिवस लागतात, कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवसही लागू शकतात, असे त्यांना आढळले. आषाढी ते कार्तिकी एकादशीपर्यंत चार महिने एखादा नेम धरण्याची आपली चातुर्मासाची प्रथा या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. बहुतेकांची सवय जडण्यास एवढा काळ पुरेसा ठरावा.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसून आली. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा अडथळा येत नाही. भाविकांना यातून मोठा दिलासा आहे. आजारपण, सुतक, प्रवास यांमुळे नेम चुकतो, आणि एकदा मोडला म्हणजे संपला, असे समजून मनुष्य तो सोडून देतो. परंतु हातातून दाणा निसटला म्हणून कुणी ताट उलथे करीत नाही. तो उचलून पुन्हा मोजणी सुरू होते. चुकल्याची खंत करीत बसण्यापेक्षा उद्या त्याच वेळी पुन्हा आसनावर बसणे, हेच खरे प्रायश्चित्त.

घरी जाताना

मंदिराचा दिवस काकड आरतीने सुरू होतो आणि शेजारतीने संपतो. दर्शनास गर्दी असो वा पावसामुळे सभामंडप रिकामा असो, आरती ठरल्या वेळीच होते. पुजाऱ्याचे मन त्या दिवशी प्रसन्न आहे की उदास, यावर ती अवलंबून नसते. आपल्या घरीही एखादी घटका अशीच ठरलेली असावी.

म्हणून येथून निघताना मोठा संकल्प करण्याऐवजी एकच लहान नेम धरावा. तो कोणत्या वेळी आणि कोठे करावयाचा हे आजच ठरवावे. तुळशीला पाणी घातल्यावर दहा मिनिटे वाचन, रात्री जेवणानंतर शतपावली, असा चालू दिनक्रमातील एखाद्या कामाशी तो जोडून द्यावा. तो इतका लहान असावा, की थकल्या दिवशीही जमावा. आणि तो करताना किती राहिले हे न पाहता, आजचा दाणा मन लावून वाहिला की नाही, एवढेच पाहावे.

आपणा सर्वांच्या हातून आजचा दाणा वाहिला जावो आणि उद्याचा वाहण्याची बुद्धी राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.