मध्यरात्रीचा रदीफ

विदर्भाची राजकन्या दमयंती १८२८ साली जर्मन कवितेत पोहोचली, ती फ्रीड्रिश र्‍यूकर्टमुळे. महाभारतातलं नलोपाख्यान जर्मन पद्यात आणणाऱ्या या कवीने त्याआधीच फारसी शिकून, रूमीच्या मागोमाग जात जर्मन भाषेत गझल लिहिली होती. मराठीत माधव जूलियनांनी आणलेली गझल घरोघर नेली ती सुरेश भटांनी. ते जन्माने अमरावतीचे. २००३ साली त्यांनी अखेरचा श्वास घेतला तो नागपुरात. र्‍यूकर्ट आणि भट या दोन कवींच्या कवितांतली रात्र शेजारी ठेवून ऐकावी. ऐकावी असं म्हणतो, कारण दोघांनाही तोलामोलाचे संगीतकार लाभले.

र्‍यूकर्टची ‘मध्यरात्री’ ही कविता संगीतकार गुस्टाव्ह मालरने १९०१च्या उन्हाळ्यात स्वरबद्ध केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत अतिरक्तस्रावामुळे तो मरणाच्या दारातून परतला होता. कवितेतला माणूस जागा होऊन आभाळाकडे पाहतो, तर एकही तारा त्याच्याकडे बघून हसत नाही. मग तो स्वतःच्या काळजाचे ठोके ऐकतो, साऱ्या माणसांच्या दुःखाशी एकटा झुंजतो आणि थकतो. पाचही कडवी ‘मध्यरात्री’ या एकाच शब्दाने सुरू होतात आणि त्यावरच संपतात. ही गझल नव्हे, पण तो शब्द रदीफासारखा, म्हणजे गझलेत शेराअखेर परतणाऱ्या शब्दासारखा, पुन्हापुन्हा समोर येतो. झोप उडालेलं मनही असंच फिरून त्याच जागी येत राहतं. मालरने इथे व्हायोलिनसकट गजाने वाजणाऱ्या तंतुवाद्यांची सगळी फळी बाजूला ठेवली. उरली सुषिर वाद्यं, टिंपनी, हार्प आणि पियानो. गाण्याचा बराचसा भाग उघडा, विरळ राहतो. शेवटच्या कडव्यात तो माणूस आपलं सारं बळ ईश्वराच्या हाती सोपवतो, तेव्हा पितळी वाद्यं पूर्ण ताकदीने उसळतात.

भटांच्या रात्रीला सूर दिले हृदयनाथ मंगेशकरांनी. लता मंगेशकरांनी गायलेल्या ‘मालवून टाक दीप’मध्ये अंधार हवासा आहे, प्रेमिकांनी स्वतः मागून घेतलेला. ‘सिंहासन’ (१९७९) चित्रपटात आशा भोसले यांनी गायलेल्या ‘उषःकाल होता होता’मधली रात्र मात्र साऱ्या समाजाची आहे. उजाडेल म्हणून वाट पाहिली, त्या लोकांची झालेली ती फसगत आहे. भट तिथे ईश्वराकडे वळत नाहीत. ते आपल्याच माणसांना पुन्हा मशाली पेटवायला सांगतात.

एक शरण जातो, दुसरा हाक घालतो. तरी दोघांच्या मुळाशी एकच कबुली आहे: एवढ्या अंधाराला एकट्याचं बळ पुरत नाही. कागदावर ही कबुली एका माणसाची राहते. गाताना मात्र तिला वादक लागतात, गळा लागतो, ऐकणारे लागतात. जागणाऱ्याने जे एकट्याने सोसलं, ते अनेकांच्या श्वासावर तोललं जातं. कवीला जे मागायचं होतं ते गाणं तिथल्या तिथे देऊ लागतं, आणि माझ्या लेखी संगीताने कवितेवर केलेला सर्वांत मोठा उपकार हाच.

नागपुरात रेशीमबागेत भटांच्या नावाचं भव्य सभागृह आहे. तिथे एखाद्या संध्याकाळी मालर आणि हृदयनाथ पाठोपाठ ऐकवले जावेत, असं मला मनापासून वाटतं. आपल्या कवीची उंची जगातल्या मोठ्या कवींच्या शेजारी बसवून मोजण्याचा आत्मविश्वास या शहराने आता दाखवायला हवा.