कोंडलेला जीव आणि राखलेला वंश

होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यासमोर केयोस कोचिनोस नावाचा चिमुकला द्वीपसमूह आहे. तिथला बोआ साप मुख्य भूमीवरच्या भाईबंदांपेक्षा आकाराने लहान, फिकट आणि गुलाबीसर झाक असलेला. रात्री त्याचा रंग आणखी उजळतो. या रंगानेच त्याचा घात केला. 1970 आणि 1980 च्या दशकांत व्यापाऱ्यांनी बेटांवरून इतके साप उचलले की रानात तो दिसेनासा झाला. काचपेट्यांत मात्र त्याची पिल्ले वाढत राहिली, आणि ‘हॉग आयलंड बोआ’ या नावाने ती आजही विकली जातात.

अशा सापाला ‘वाचला’ म्हणायचे का, हा प्रश्न जीवशास्त्राइतकाच धर्मविचाराचाही आहे. वाचतो तो एकेक जीव की त्यांचा वंश?

परभणी जिल्ह्यात जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरात जैन गुंफामंदिरे आहेत. तिथली तीर्थंकर पार्श्वनाथांची मूर्ती लहानशा दगडावर टेकलेली, जवळजवळ अधांतरी भासणारी, डोक्यावर नागफणा. त्या फण्यामागची कथा अशी : कमठ नावाचा तापस पंचाग्नी पेटवून बसला होता. त्या आगीतल्या ओंडक्यात नाग-नागिणीची जोडी आहे, हे राजकुमार पार्श्वाने ओळखले. ओंडका फोडला तेव्हा दोघे अर्धवट जळालेले होते. नवकार मंत्र ऐकत त्यांनी प्राण सोडला आणि पुढच्या जन्मी ते धरणेंद्र व पद्मावती झाले. कथेत नागांचे शरीर वाचत नाही, आणि नागकुळाचे पुढे काय हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. करुणेचा विषय ते दोन जीव आहेत. वंश किंवा उपजात ही कल्पना या विचारात बसत नाही, कारण आत्म्याला उपजात नसते.

कोंडण्याविषयी मात्र हा विचार नेमका बोलतो. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या सातव्या अध्यायात अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत : बांधणे वा कोंडणे, मारणे, अवयव छेदणे, फार ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे. यादीची सुरुवातच बंधनापासून होते. नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतला नाग या यादीशी ताडून पाहावा. टोपलीत कोंडलेला, दात काढलेला, आणि दुधाला तोंड लावावे म्हणून अनेक दिवस उपाशी-तहानलेला ठेवलेला. साप दूध पितो हा समज, पितो तो तहानेने. याउलट त्याच दिवशी नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही, ही शेतकऱ्याघरची रीत या कसोटीला जास्त उतरते. तिच्यात सापाला हातच लागत नाही.

मराठवाड्यात बोआचा जवळचा नातलग म्हणजे मांडूळ. भुसभुशीत मातीत राहणारा, उंदीर खाणारा, बिनविषारी. त्याची शेपटी तोंडासारखी बोथट असल्यामुळे लोक त्याला दुतोंड्या म्हणतात, आणि गुप्तधन सापडते या समजापायी तो पकडला जातो. वजन जास्त तेवढा भाव जास्त, म्हणून त्याला जबरदस्तीने भरवले जाते. इथे कोंडणे पूजेच्या नावाखाली चालते, पण तो निखळ लोभ आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने हा गुन्हा आहेच. त्यात अघोरी विधी असले तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही लागू होतो.

सगळे कोंडणे मात्र एका पारड्यात घालता येत नाही. मॉरिशसच्या राउंड आयलंडवर माणसांनी सोडलेल्या शेळ्या-सशांनी झाडोरा फस्त केला. तिथल्या दोन सापांपैकी बिळात राहणारा 1975 नंतर दिसलाच नाही. दुसऱ्याला जर्सीच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन त्याची पैदास केली गेली. दरम्यान बेटावरून 1979 मध्ये शेळ्या आणि 1986 मध्ये ससे संपवले. झाडोरा परतू लागला आणि सापही टिकला. हा बंदिवास परतीच्या हिशेबाने होता, म्हणून तो व्यापारी कैदेहून वेगळा ठरतो. पण सशांना विष घातले गेले, ही वस्तुस्थिती उरतेच. एका वंशासाठी इतके जीव मारणे पाच अतिचार मानणाऱ्याला पटणार नाही, आणि संवर्धनशास्त्राला त्यावाचून मार्ग दिसला नाही. हा भेद गोड बोलून मिटणारा नाही.

केयोस कोचिनोसची गोष्ट आणखी वेगळ्या वळणाने गेली. 1990 च्या दशकात बेटांना संरक्षण मिळाले, आणि पुढे अभ्यासकांना तिथे बोआची संख्या सावरलेली आढळली. चोरटी पकड मात्र पूर्ण थांबली नव्हती. म्हणजे साप सावरला तो बेटावर, पेट्यांमधून नव्हे. पेट्यांतल्या वंशाला परत सोडणेही धोक्याचे. काहींचा मुख्य भूमीवरच्या बोआशी संकर झालेला, अनेकांची वंशावळ संशयास्पद, आणि बंदिवासातले रोग बेटावर पोचण्याची भीती. रंग राखला गेला, पण ज्या बेटाने तो घडवला त्याच्याशी असलेले नाते तुटले.

तस्करांकडून सोडवलेल्या मांडुळाचेही तेच होते. गुन्ह्यातला मुद्देमाल म्हणून तो आधी नोंदवला जातो, मग न्यायालयाच्या परवानगीने रानात सोडायचा असतो. पकडल्याचे ठिकाण आरोपीने सांगितले नाही, तर वनरक्षक जवळचे माळरान निवडतो. जीव सुटतो, तो आपल्या मातीत परतला की दुसऱ्याच्या, हे त्या पंचनाम्यातून कळत नाही.