आखणीच्या आधी

पेणमधल्या गणपतीच्या कारखान्यात वेदांतचे बाबा आखणी करायचे. मूर्तीचे डोळे त्यांच्याच हातचे हवेत, असं गिऱ्हाईकं सांगून जायची. अशा कारागिराचा मुलगा तिसरीत गेला तरी त्याला बुटाची नाडी बांधता येत नव्हती, अक्षर रेघेवर टिकत नव्हतं. बाबांना ते फार लागायचं.

वेदांत अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मला, एक किलो पन्नास ग्रॅमचा. दोन महिने तो काचेच्या पेटीत होता. आजीच्या तोंडी अजून ‘पेटीतलं पोर’ हेच होतं. त्यामुळे आई त्याला भरवायची, बटणं लावायची, दप्तरही भरून द्यायची. संध्याकाळी बाबा गणिताची वही उघडायचे आणि आवाज चढायचा. ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ घरात लाड होते, धाकही होता. त्याला स्वतःच्या हाताने काही करायला मिळत नव्हतं, एवढंच.

एक दिवस वर्गशिक्षिकेने आई-बाबांना बोलावलं. ५०३ वजा २७८ हे गणित वेदांतने वहीत चुकवलं होतं. एककाचा आठ सरकून दशकाखाली गेला होता आणि हातचा कुठे घ्यायचा तेच कळेनासं झालं होतं. बाईंनी चौकटीची वही पुढे ठेवली. एका घरात एक अंक. वेदांतने सावकाश २२५ लिहिलं.

‘याला वजाबाकी येते,’ बाई म्हणाल्या, ‘मांडताना गडबड होते. जन्म कधीचा?’

‘बारा नोव्हेंबर. पण दिवस भरणार होते फेब्रुवारीत.’

बाईंनी हिशेब केला. पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरचं वय धरतात. दिवस भरून जन्मला असता तर वेदांत आज दुसरीत असता. वर्गातला सगळ्यात लहान मुलगा, त्यात तीन महिने आधी आलेला! दवाखान्यात अशा मुलांचं वय मोजताना राहिलेले आठवडे वजा करतात, पण साधारण दोन वर्षांपर्यंतच. पुढे तो हिशेब कोणी ठेवत नाही, शाळा तर नाहीच. भारतात २०२० या एका वर्षात जवळपास ३० लाख बाळं ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मली. ती आता शाळेत जाऊ लागली आहेत, म्हणून हे सांगायला हवं.

‘तो दंगा करत असता तर पहिलीतच लक्षात आलं असतं. हा आपला शांत बसून खिडकीबाहेर बघतो,’ बाई म्हणाल्या. ‘डोळे तपासा आणि याला बालविकासाच्या डॉक्टरांना दाखवा.’

डोळे ठीक निघाले. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांनी समजावलं. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मेंदू झपाट्याने वाढतो, त्याच्या घड्या पडतात, जोडण्या होतात. वेदांतचं ते काम पेटीत, उजेडात, सुयांच्या टोचण्यात झालं. अशा काही मुलांची बुद्धी चांगली असते, पण नजर आणि हात यांचा मेळ बसायला वेळ लागतो. एका दमात तीन सूचना दिल्या तर त्यातली एखादीच लक्षात राहते. हे दुसरी-तिसरीत अभ्यास वाढल्यावरच दिसायला लागतं.

मग तिथल्या थेरपिस्ट ताईंनी बाबांना विचारलं, ‘कारखान्यात नवा मुलगा आला की पहिल्याच दिवशी आखणीचा ब्रश देता?’

‘छे हो! आधी माती मळायची. मग साच्यात दाबायची. हात बसला की घासकाम, मग रंग. आखणीला वर्षं जातात.’ बोलता बोलता बाबा गप्प झाले आणि त्यांनी वेदांतकडे पाहिलं.

त्या रविवारपासून वेदांत कारखान्यात शाडू मळू लागला. आधी बोटं लगेच दमायची, तो गोळा टाकून पळायचा. बाबा हाक मारायचे, रागवायचे नाहीत. एका वेळी एकच काम सांगायचे आणि ते झालं की दुसरं.

आईला मात्र जास्त जड गेलं. नाडीचा फास दोनदा सुटायचा, दारात रिक्षावाला हॉर्न द्यायचा आणि तिचे हात आपोआप पुढे व्हायचे. मी तर म्हणेन, मूल पेटीतून बाहेर काढणं डॉक्टरांना जमतं, आईच्या मनातली भीती बाहेर काढायला कोणी येत नाही. तिने उपाय काढला. सगळ्यांना दहा मिनिटं लवकर उठवायचं आणि नाडीच्या वेळी आपण ओट्याशी पोळ्या लाटायच्या, हात पिठात. आजी कुरकुरली, ‘लेकराचे हाल करतेस.’ आईने ऐकून घेतलं आणि लाटणं चालू ठेवलं.

चाचणीत वेदांतला वीसपैकी बारा मिळाले.

‘बाकीचे आठ?’ बाबांनी विचारलं.

‘शेवटची गणितं राहिली. घंटा झाली.’

बाबांनी पेपर नीट पाहिला. सोडवलेलं एकही चुकलं नव्हतं.

‘मग बाईंकडे थोडा जास्त वेळ मागायला हवा. मी येऊ?’

वेदांतने जरा विचार केला. ‘बाहेर थांबा,’ म्हणाला, ‘मी मागतो.’