ऑम्लेटचे दहा रुपये

इंडियन कॉफी हाउसमध्ये ऑम्लेट दहा रुपयांनी महागलं, तेव्हा मी कुरकुरलो, “इथंसुद्धा?” तुरेदार पगडीतला वेटर शांतपणे म्हणाला, “साहेब, आमचा पगार यातूनच निघतो.”

खरंच होतं. 1957च्या सुमारास कॉफी बोर्डानं आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं कामगारांनीच सहकारी संस्था काढून ती चालवली. इथं नफा खाणारा शेठ नाही. म्हणजे माझी घासाघीस थेट या माणसाच्या पगाराशी.

मॉलमधल्या कॉफीचे कितीतरी जास्त पैसे मी मुकाट देतो. इथं मात्र एका कॉफीवर तीन तास टेबल अडवतो आणि स्वस्ताईचं कौतुक करतो. (विद्यार्थी असताना ठीक होतं, खिशात तेवढेच असायचे.) मला परवडतो तो दर रास्त, असं धरून चाललो होतो. आता तर त्याहून जास्त परवडतं, तरी दर जुनाच हवा.

उठताना टिप ठेवावी का, कळेना. भागीदाराला कुणी टिप देतं? बडीशेपेच्या बशीत दहाची नोट ठेवली, आणि ती फारच कमी वाटली.