सामर्थ्य आणि कर्तेपण

अद्भुतरम्य बालसाहित्य पलायनवादी असते, हा समज काझू किबुइशी यांच्या ‘ॲम्युलेट’ या ९ खंडांच्या चित्रकादंबरीमालेपुढे (२००८–२०२४) टिकत नाही. पळवून नेलेल्या आईच्या सुटकेसाठी एमिली ताइतातील खड्याचे सामर्थ्य स्वीकारते; परंतु हा खडा बोलतो आणि धारकावरच सत्ता गाजवू पाहतो. हेतू मातृप्रेमाचा असला, तरी उसन्या बळाने घडलेल्या कृतीचा कर्ता कोण, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. पहिल्याच खंडात शत्रुपक्षाच्या पराभूत राजपुत्राला, ट्रेलिसला, ठार करण्यास खडा एमिलीला चिथावतो. ती त्याला जीवदान देते. पुढे ट्रेलिस तिच्या बाजूने लढतो. तथापि तिच्या निर्णयाचे नैतिक मूल्य या फलितावर अवलंबून नाही. सामर्थ्य तिला मिळालेले आहे. नकार तेवढा तिचा स्वतःचा आहे.