सोंगाड्याची जागा

चिमूर, नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरीपासून गडचिरोलीतल्या वडशापर्यंतच्या भागात भाऊबीज उलटली की गावोगावी मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक होते. झाडीपट्टी रंगभूमीचे हे नाटक पहाटेपर्यंत चालते. कथा बहुधा कौटुंबिक आणि रडवणारी असली, तरी विनोदी नटाशिवाय ते उभे राहत नाही. याच रंगभूमीवर विनोदी भूमिकांनी गाजलेल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. नाटकातल्या स्त्रिया मात्र बहुधा सोसतात, गातात, लावणीवर नाचतात. हसवण्याचा ठेका पुरुषाकडे असतो. बायकांना विनोद जमत नाही, हा समज या वाटणीवर पोसला गेला आहे.

वाटणी जुनी आहे. दंडार आणि खडी गंमत या इथल्या लोककलांत स्त्रीचे सोंगही पुरुषच घेत आले. तमाशात तर बायका नाचू-गाऊ लागल्यावरही कृष्ण-गोपींच्या गवळणीतली मावशी पुरुषाचीच राहिली. मावशी फटकळ, हजरजबाबी, कृष्णालाही न जुमानणारी. म्हणजे त्या प्रसंगातले सर्वांत विनोदी पात्र बाईचे, पण त्यावरचा हशा पदरात पडतो तो लुगडे नेसलेल्या पुरुषाच्या. शहरी रंगभूमी फार वेगळी नव्हती. नाट्यमन्वंतर या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, ते साल 1933. पुढे दूरचित्रवाणी आली, तरी साडी नेसलेला नट हा विनोदाचा हुकमी एक्का राहिला.

रंगमंचाबाहेरचे चित्र उलटे आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत विदर्भात भुलाबाईची गाणी चालतात आणि त्यांत सासरच्या माणसांची यथेच्छ टिंगल होते. भाताच्या रोवणीच्या बांधीत, लग्नघरात, उखाण्यात बायकांची जीभ कुणाला सोडत नाही. फरक एवढाच की हा विनोद बायकांनी बायकांसाठी केलेला असतो. त्याला तिकीट नसते आणि मानधनही नसते. पुरुषांसमोर मोठ्याने हसणे हेच जिथे अमर्यादपणाचे मानले जाई, तिथे चारचौघांत हसवणे दूरच. शिवाय विनोदाला स्वतःचे रूप बिघडवावे लागते, आणि नटीला पैसे मिळत ते देखणे दिसण्याचे.

बायकांना विनोद जमत नाही, हा समज केवळ इथलाच नाही. ख्रिस्तोफर हिचेन्स या इंग्रजी लेखकाने 2007 साली असा युक्तिवाद केला की स्त्रीला जिंकण्यासाठी पुरुषाला विनोद लागतो, स्त्रीला तशी गरज नाही. मावशी आणि भुलाबाई शेजारी ठेवल्या की हे म्हणणे पोकळ वाटते. रॉबर्ट प्रोव्हाइन या मानसशास्त्रज्ञाने रोजच्या संभाषणांतले हसणे टिपले, तेव्हा बाई बोलत असताना ऐकणाऱ्या पुरुषापेक्षा तीच अधिक हसते, असे दिसले. कोण हसते, हे त्यातून कळते. कोणाला हसवता येत नाही, हे कळत नाही.

संधी मिळाली तिथे निकालही लागला. निर्मिती सावंत यांची गंगूबाई दूरचित्रवाणी मालिकेची नायिका होती आणि मालिकेचा सारा विनोद तिच्याभोवती फिरत असे. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात यांनी वेडीवाकडी, भांडखोर, बावळट माणसे बेधडक रंगवली. मंगला गोडबोले यांनी विनोदी लेखनात हेच केले. झाडीपट्टीत आता स्त्री-भूमिकांना नट्या सहज मिळतात. पण लेखक विनोदी पात्र लिहायला बसतो तेव्हा ते अजूनही बहुधा पुरुषाचेच असते.