सोने कोणाचे?

अंगणात झाड लावणारा माणूस आणि त्या झाडाचा मालक ही दोन माणसे एकच असतात, असा आपला एक भाबडा समज आहे. झाड लहान असते तोवर तो खराही असतो. पाणी घालायचे ते आपण, शेळीपासून राखायचे तेही आपणच. पण झाड कुंपणाच्या वर गेले, की त्याला फांद्यांबरोबर मालकही फुटू लागतात.

माझ्या दारी कांचन आहे. त्याला वाढवायला फारसे कौशल्य लागत नाही. त्याच्या चपट्या शेंगा वाळल्या की तडकन फुटतात आणि बिया दूर उडतात. त्यांतली एखादी मातीत दडपावी, पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे, बुंध्याशी ते तुंबू देऊ नये. पुढचे तोच पाहतो. त्याचे पान मधोमध दुभंगलेले. रात्री त्याचे दोन्ही भाग मिटल्या पुस्तकासारखे जवळ येतात. या जोडपानावरून लिनियसने सबंध वंशालाच बाउहिन नावाच्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांचे नाव देऊन टाकले. शास्त्रज्ञालाही कधीकधी कवी होण्याची लहर येते ती अशी! माघ-फाल्गुनात पाने झडतात आणि जवळजवळ उघड्या फांद्यांवर जांभळट गुलाबी फुले येतात. अमेरिकेत त्याचा एक चुलतभाऊ आहे, रेडबड. त्याचे पान अखंड, हृदयाच्या आकाराचे. पण बारीक गुलाबी फुले तशीच पानांआधी येतात, आणि फांद्या पुरल्या नाहीत म्हणून की काय, जुन्या खोडावरही फुटतात. तिकडचे लोक तो घरापुढे हौसेने लावतात. त्याची पाने सोने म्हणून कोणी ओरबाडत नाही, एवढे त्याचे भाग्य.

आमच्या कांचनाचे भाग्य दसऱ्यापर्यंतच टिकते. खरा आपटा निराळा. त्याचे पान लहान आणि जाडसर. पण बाजारात कांचनाची पानेही आपट्याची म्हणून खपतात, मग आळीत का खपू नयेत? सकाळी काठ्या घेऊन मंडळी येतात, फांद्या वाकवतात, मोडतात, आणि संध्याकाळी तीच पाने माझ्या हातावर ठेवून म्हणतात, "सोने घ्या, सोन्यासारखे राहा." मी घेतो. सणाच्या दिवशी हात मागे कसा घ्यायचा? पण झाड आपले अन्न पानांतच शिजवते. फाल्गुनातल्या फुलांची शिदोरी आश्विनात बांधली जात असते, हे त्या क्षणी कोणाला सांगायचे?

या सोन्यामागची गोष्ट आपल्याला पाठ असते. वरतंतूचा शिष्य कौत्स चौदा कोटींची गुरुदक्षिणा मागायला रघूकडे आला. रघूने यज्ञात सर्वस्व दिलेले. त्याने कुबेरावर स्वारीची तयारी केली आणि रातोरात सोने बरसले. कालिदासाच्या 'रघुवंशा'त ते कोषागारात पडते. आपट्याखाली त्याचे ढीग घातले ते लोककथेने. राजा म्हणाला, सगळे ने. कौत्स म्हणाला, गुरूला द्यायचे तेवढेच नेईन. दोघेही "माझे नाही" म्हणत राहिले, म्हणून ते सोने उरले. लोकांनी लुटले ते हे उरलेले.

मला नवल वाटते ते याचे. गोष्ट न घेणाऱ्याची, आणि सण लुटणाऱ्यांचा! आमच्या कांचनाला तर उरलेले असे काही ठेवतच नाहीत. बरे, कुंपणाला काटेरी तार लावावी, तर मी कुबेर ठरणार. आणि रघूने कुबेराचे काय करायचे ठरवले होते ते वर सांगितलेच आहे. शिवाय बी मी पुरले असले, तरी पान मी कुठे केले? मग कौत्सालाच शरण गेलो. गेल्या वर्षापासून दसऱ्याला सकाळीच फाटक उघडून बसतो आणि येणाऱ्या पोराला म्हणतो, "तुला ज्यांना द्यायचे आहे त्यांची नावे सांग, तितकी पाने घे."

काहीजण चाळीभर नावे सांगतात. मी मोजतो, तेही मोजतात. यंदा एक लहानगा पाच पाने घेऊन फाटकापर्यंत गेला आणि परत आला. एक पान माझ्या हातात देत म्हणाला, "आजोबा, मामा गावाला गेलाय."